भांड्यावर घातलेलं नाव

भांड्यांच्या दुकानात खरेदी आटोपली, पैसे देऊन झाले, की दुकानदार शेवटचा प्रश्न विचारतो, "नाव काय घालायचं?" आपण चिठोऱ्यावर नाव लिहून देतो. मागे बसलेला माणूस विजेवर चालणारी, पेनासारखी सुई हातात धरतो, कर्रर्र असा आवाज होतो आणि दोन मिनिटांत स्टीलच्या डब्यावर नाव, तारीख आणि कोणाकडून ते उमटतं. महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांनी हा आवाज ऐकलेला आहे. शेजारी गेलेली वाटी परत यावी, कार्याच्या घरात चार घरची पातेली एकत्र झाली तरी आपापली ओळखता यावीत, एवढाच त्यातला व्यवहार. एकदा नाव घातलं आणि भांडं मांडणीवर चढलं की त्या नावाकडे पुन्हा कोणी बघत नाही.

माझ्या नणंदेच्या मुलीने ते बघितलं. ती सतरा वर्षांची आहे, जन्म आणि शिक्षण लंडनचं, राहायला हॅरोत. ए-लेव्हलला तिने गणित आणि अर्थशास्त्राच्या जोडीला ग्राफिक कम्युनिकेशन हा विषय घेतला आहे. गेलं वर्षभर ती नातेवाइकांच्या आणि मंडळातल्या ओळखीच्या घरी जाते, भांड्यांवरच्या नावांचे फोटो काढते, ती नावं कागदावर उतरवून घेते आणि त्यांतून देवनागरी अक्षरांचा एक संच तयार करते. आपल्यापैकी काहींच्या स्वयंपाकघरात ती येऊन गेली आहे आणि 'डबेवाली मुलगी' असं तिचं नावही पडलं आहे. खरं नाव लेखात नको ही तिची अट. "कामाबद्दल मात्र सगळं लिही, मामी," असंही तीच म्हणाली.

'ग्राफिक' म्हणजे नेमकं काय?

मुलगी हुशार, गणित चांगलं, मग हा विषय कशाला, हा प्रश्न तिच्या घरी निघाला तसा आपल्यापैकी अनेकांच्या घरी निघतो. म्हणून आधी विषयाबद्दल थोडं सांगते. एक्यूए या परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात कला आणि डिझाइनच्या ए-लेव्हलचे दोन भाग आहेत. ४० टक्के गुण मंडळाने दिलेल्या विषयावरच्या कामाला असतात आणि त्यात १५ तास देखरेखीखाली बसून काम करायचं असतं. उरलेले ६० टक्के गुण 'पर्सनल इन्व्हेस्टिगेशन'ला, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या शोधाला. सोबत एक हजार ते तीन हजार शब्दांचा निबंधही लिहायचा असतो. नुसतं सुंदर चित्र पुरत नाही. हा विषय का घेतला, कोणाचं काम पाहिलं, त्यातून काय उचललं, कुठे अडलं आणि मग काय बदललं, हे सगळं वहीत पानोपानी दिसावं लागतं.

मी लग्नाआधी काही वर्षं शाळेत मराठी शिकवत होते. निबंधाचा विषय फळ्यावर लिहून देणं ही आमची रीत. विषयच स्वतः शोधून आणा, असं सांगितल्यावर मुलाला किती अवघड जातं, ते मी भाचीकडे पाहून समजले. पहिले तीन महिने तिच्या वहीत दुसऱ्यांचीच कामं होती.

आधीचे दोन प्रयोग

तिची सुरुवात लंडनमध्ये कुणाचीही व्हावी तशीच झाली, भुयारी रेल्वेपासून. हॅरी बेक हा तिथल्या सिग्नल विभागातला ड्राफ्ट्समन. त्याने १९३१ मध्ये रेल्वेचा नवा नकाशा काढला. त्यात रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरक्या; दोन स्टेशनांमधलं खरं अंतर किती, याचा विचारच नाही. जमिनीखालून जाणाऱ्या माणसाला गाडी कुठे बदलायची एवढं कळलं की झालं, हा त्यामागचा हिशेब. आधी हा नकाशा नाकारला गेला, १९३३ मध्ये खिशात मावेल असा छापून निघाला आणि मग जगभरच्या शहरांनी ती पद्धत उचलली.

भाचीने त्या पद्धतीने आमच्या घराण्याचा नकाशा काढला. प्रत्येक घर म्हणजे एक रेषा, लग्न म्हणजे गाडी बदलायचं स्टेशन. इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणींना दाखवण्यासाठी तिने 'अंकल' आणि 'आंटी' यांना एकेक रंग दिला आणि नकाशा पार कोलमडला. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान सगळे एकाच रंगात आले. कोण कुठल्या रेषेवरून आलं ते कळेना. मग काका, मामा, आत्या, मावशी यांचे रंग वेगळे केले तेव्हा नकाशा लागला. आपली नाती सांगायला आपलेच शब्द लागतात, हे तिला कुणी शिकवलं नाही, रंगपेटीने शिकवलं.

दुसरा प्रयोग पाट्यांचा. १९१६ मध्ये एडवर्ड जॉन्स्टनने भुयारी रेल्वेसाठी जी अक्षरं काढली, त्यांत आय आणि जे यांवरचे ठिपके गोल नाहीत, चौकटच्या पानासारखे आहेत. जॉन्स्टन मूळचा सुलेखनकार. रुंद टोकाचं पेन तिरपं टेकवलं की असाच ठिपका पडतो. बोरूने अनुस्वार दिला तरी तसाच पडतो, हे मी तिला सांगितलं, तेव्हा दोन्ही लिप्यांमधलं हे साम्य तिला फार आवडलं. मग ती कॅमेरा घेऊन शहरात फिरायला लागली. व्हाइटचॅपल स्टेशनवर २०२२ पासून बंगाली पाटी आहे. साउथॉल स्टेशनच्या पाटीवर गुरुमुखी आहे. वेम्ब्लीच्या ईलिंग रोडला गुजराती दिसते. तिने हे सगळं टिपलं आणि एक दिवस विचारलं, "मामी, आपली मराठी कुठे लिहिलेली असते?"

रस्त्यावर कुठेच नाही, हे खरं. आपण एका वस्तीत दाटीने राहत नाही, आपली दुकानंही फारशी नाहीत. पण प्रश्न डोक्यात राहिला. उत्तर तिलाच तिच्या आईच्या फडताळात सापडलं. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यावर चिकटपट्टी आणि त्यावर 'ओलं खोबरं'. दह्याच्या डब्यावर 'मेतकूट, वाईचं'. प्लॅस्टिकच्या पिशवीत आतून अक्षरं बाहेर दिसतील अशी ठेवलेली आजीची चिठ्ठी, 'भाजणी, थालीपिठाची, चकलीची नव्हे'. आणि त्यांच्या मागे, स्टीलच्या डब्यांवर, बारीक ठिपक्यांत कोरलेली नावं. आपली मराठी रस्त्यावर नाही, कपाटात आहे, असं तिने त्या दिवशी वहीत इंग्रजीत लिहिलं. विषय सापडला तो तिथे.

चकाकणाऱ्या डब्याचा फोटो

स्टीलचा फोटो काढणं किती कठीण आहे, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. डब्यात आधी आपलंच तोंड दिसतं, मग खिडकी दिसते, मागे वाळत घातलेले कपडे दिसतात; कोरलेलं नाव तेवढं दिसत नाही. फ्लॅश मारला तर पांढरा डाग. भाचीने शोधलेला उपाय साधा आहे. खिडकी आणि डबा यांच्यामध्ये बटर पेपरचा पडदा, म्हणजे उजेड मऊ होतो. काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून कॅमेऱ्याचं भिंग बाहेर काढायचं, म्हणजे डब्यात आपण दिसत नाही, काळा रंग दिसतो. आणि उजेड समोरून नको, एका बाजूने, जवळजवळ भांड्याला घासून जाणारा हवा. तसा उजेड पडला की प्रत्येक ठिपक्याच्या कडेला छोटी सावली पडते आणि पन्नास वर्षांपूर्वीचं नाव एकदम वर येतं.

सगळ्या भांड्यांचे फोटो तिने कृष्णधवल, एकाच अंतरावरून आणि एकाच प्रकारच्या उजेडात काढले आहेत. ही शिस्त तिने बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याकडून घेतली. १९५९ पासून पुढे कित्येक वर्षं ते दोघं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांचे फोटो काढत राहिले. ढगाळ हवेत, समोरून, एकसारखे. मग ते फोटो ओळीने शेजारी शेजारी लावत. एक टाकी बघितली तर ती टाकीच असते. नऊ टाक्या शेजारी ठेवल्या की प्रत्येकीचं वेगळेपण दिसू लागतं. डब्यांचंही तेच झालं.

माणसांचे फोटो कसे काढावेत याचा धडा मात्र तिने बर्मिंगहॅमच्या व्हॅनली बर्क यांच्याकडून घेतला. जमैकात जन्मलेल्या बर्क यांना दहाव्या वाढदिवसाला बॉक्स ब्राउनी कॅमेरा मिळाला. १९६५ मध्ये ते इंग्लंडला आले आणि बर्मिंगहॅममधल्या आपल्या लोकांचं रोजचं जगणं टिपत राहिले. बाहेरचा छायाचित्रकार येतो, फोटो काढतो आणि जातो. बर्क त्याच गल्लीत राहणारे. "मीही त्याच घरातली आहे, म्हणून मला आधी चहा प्यावा लागतो, मग कॅमेरा काढता येतो," असं भाची म्हणते. चहा म्हणजे अर्थात चहा, चिवडा, "अभ्यास कसा चाललाय" आणि "किती वाळलीस गं!"

एक अडचण तिने गृहीत धरली नव्हती. ती येणार म्हटल्यावर घरोघरच्या काकू आणि मावश्या आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून भांडी लखलखीत करून ठेवायच्या. पोचे पडलेला, झाकण घट्ट न बसणारा डबा कुणी पुढे करेना; नवा डिनर सेट काढून दाखवायच्या. आता ती आधीच फोनवर सांगते, "काकू, घासू नका हं, आणि जुनं असेल तेच दाखवा."

चि. सौ. कां. कोण?

रविवारच्या मराठी वर्गात ती नऊ वर्षांची होईपर्यंत जात होती. अक्षरं लावून वाचायची, पण अर्थापर्यंत पोचेस्तो दमायची. भांड्यांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. पहिल्या दहा-बारा डब्यांनंतर ती गोंधळून माझ्याकडे आली. "ही चि. सौ. कां. कोण आहे? सगळ्यांच्या घरी हिचीच भांडी कशी?" चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी म्हणजे काय ते समजावताना मला हसू आवरेना. मग 'यांजकडून', 'सप्रेम भेट', 'यांचे स्मरणार्थ', 'कै.' असं एकेक विचारत गेली. शब्दकोशात 'यांजकडून' शोधायला बसणारी सतरा वर्षांची मुलगी मी शाळेत शिकवत असतानाही पाहिली नव्हती.

फोटोंबरोबर ती नावं कागदावर उतरवूनही घेते. भांड्यावर पातळ कागद ताणून धरायचा आणि वरून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवायची. खोलगट भाग पांढरा राहतो आणि नाव उमटतं. तिच्या शाळेतल्या कलाशिक्षिकेने ते पाहून लगेच ओळखलं. इंग्लंडच्या जुन्या चर्चमध्ये फरशीत बसवलेले पितळी स्मृतिपट असतात. त्यांवर कागद अंथरून, चांभार वापरत त्या काळ्या मेणाने घासून ठसा घ्यायचा, हा इथला जुना छंद आहे. त्या सरदारांच्या आणि त्यांच्या पत्नींच्या पितळी ठशांशेजारी आता आमच्या वन्सांच्या पोह्याच्या डब्याचा ठसा वहीत लागला आहे.

ठसे मोठे करून पाहिल्यावर तिला कारागिरांचे हात ओळखू यायला लागले. जुन्या पितळी भांड्यांवर छिन्नी आणि हातोडीने एकेक ठोका देत काढलेली अक्षरं आहेत. त्यांत वळणं मोडलेली, कोनदार. 'ण' आणि 'ळ' काढताना कारागिराची झालेली कसरत दिसते. यंत्राच्या सुईने काढलेलं नाव पळतं, त्यात हात न उचलता केलेल्या जोडण्या सापडतात. कुठे सगळं नाव लिहून झाल्यावर वरून एकच लांब शिरोरेषा ओढलेली, कुठे शिरोरेषाच नाही. आणि जवळजवळ सगळीकडे मराठी वळणाचा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श'. संगणकावर देवनागरी टाइप करताना अनेकदा हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' येतात. इथे जन्मलेल्या तिच्या डोळ्यांना तेच ओळखीचे होते. मराठी 'ल' तिला पहिल्यांदा भेटला तो डाळीच्या डब्यावर.

अक्षरांचे कारागीर

मंडळातल्या एका आजोबांच्या माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांचा आणि नाटकांच्या पुस्तकांचा गठ्ठा होता. त्यांत तिला कमल शेडगे यांची अक्षरं भेटली. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं वर्षानुवर्षं ज्यांच्या हातची होती, ते शेडगे २०२० मध्ये गेले. नाटकाचा स्वभाव अक्षरांच्या वळणातच सांगायचा ही त्यांची हातोटी. पुढे र. कृ. जोशी यांच्याबद्दल तिने वाचलं. मुंबईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवणारे, कवी, सुलेखनकार. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांनी रेखाटला. संगणकावर मराठी टाइप करणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांची अक्षरं वापरली आहेत, नाव माहीत नसतानाही.

तिच्या निबंधाचा कणा मात्र याहून जुन्या माणसावर उभा आहे. चार्ल्स विल्किन्स या इंग्रजाबरोबर बंगालमध्ये बंगाली लिपीचे खिळे घडवणारे पंचानन कर्मकार. १७७८ मध्ये हुगळीला छापलेल्या हॅलहेडच्या बंगाली व्याकरणात ते खिळे वापरले गेले. कर्मकारांचं घराणं धातूवर कोरीवकाम करणारं, भांड्यांवर आणि शस्त्रांवर नावं, नक्षी घालणारं. पुढे ते श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यात गेले आणि तिथे देवनागरी खिळेही घडले. त्याच छापखान्यातून १८०५ मध्ये विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण देवनागरी अक्षरांत निघालं. विल्किन्स इंग्लंडला परतले, इथेही त्यांनी देवनागरी खिळे पाडले आणि १८०८ मध्ये लंडनला त्यांचं संस्कृत व्याकरण छापलं गेलं.

भांड्यावर नाव घालणारा हात आणि छापखान्याचं अक्षर घडवणारा हात एकाच घरातला असू शकतो, हे वाचून तिला आपल्या विषयाचं वजन कळलं. तोवर तिला वाटायचं की डबे ही घरगुती गंमत आहे आणि डिझाइनचा इतिहास संग्रहालयात असतो.

देवघरातला तांब्या

आता ज्या भांड्याने हे सगळं काम बदललं, त्याबद्दल. नणंदेच्या देवघरात एक छोटा पितळी तांब्या आहे. सासूबाईंनी तो लेकीला लग्नात दिला आणि २३ किलोंच्या बॅगेत वजनाचा हिशेब करून तो इथवर आला. रोज पूजेला लागणारा, त्यामुळे घासून घासून नाव पुसट झालेलं. भाचीने बाजूच्या उजेडात फोटो घेतला आणि अक्षरं जुळवली. बाईचं नाव होतं, पण आमच्या घरात त्या नावाचं कोणी नाही. आडनावही आमचं नाही. तिने आईला विचारलं. आईलाही नक्की सांगता येईना. मग वाईला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि फोटो दाखवला.

सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते माझंच नाव."

आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. अनेक घरांत लग्नात मुलीचं नाव बदलत. ताम्हणात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, की त्या दिवसापासून ती त्या नावाची. सासूबाईंचं लग्न १९७२ चं. तांब्या त्यांच्या आईने त्याआधी घेऊन ठेवला होता, कुमारी असतानाचं नाव घालून. लग्नानंतर रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत सगळीकडे नवं नाव लागलं. जुन्या नावाने हाक मारणारा एक थोरला भाऊ होता, तोही गेला. त्यांच्या संसारात ते नाव लिहिलेली वस्तू ही एकच उरली होती आणि ती लंडनला होती.

भाचीला आजीचं दुसरं नाव असल्याचं माहीतच नव्हतं. तिचा पहिला प्रश्न होता, "तुला विचारलं होतं का?" सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा विचारत नसत. वाईट वाटलं असंही नाही, सगळ्यांचंच व्हायचं." आणि जरा थांबून, "पण ते नाव माझ्या आजोबांनी ठेवलेलं होतं."

त्यानंतर भाची घरोघरी एक प्रश्न वाढवून विचारू लागली, "यातलं कुठलं भांडं माहेरच्या नावाचं आहे?" आतापर्यंत वीसेक घरं आणि शंभरावर भांडी झाली. सहा जणींकडे तसं भांडं निघालं. कुणाचा करंडा, कुणाचं फुलपात्र, एकीचा शाळेत नेण्याचा डबा. ज्यांनी स्वतःचं नाव ठेवलं त्या आजच्या मुलींना हे नवल वाटेल, पण त्या सहाही जणींना आपलं भांडं कुठल्या फळीवर कुठे आहे ते न बघता सांगता आलं.

शाळेच्या प्रदर्शनात तिला तांब्यावरचं नाव मोठं करून, एकटंच एका भिंतीवर लावायचं होतं. आधी आजीला विचारायचं असं तिने ठरवलं. तिच्या आईला ते पटत नव्हतं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असं वन्संचं म्हणणं. सासूबाईंनी निकाल दिला. "लाव की. तिथे वाचणार कोण?" मग म्हणाल्या, "आणि एक मला मोठं करून पाठव." तो छापील कागद आता वाईच्या घरात, त्यांच्या पलंगासमोर आहे. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे, कोणाला वाचायला द्यायचं हे त्यांनी ठरवावं.

पुढे काय?

हा प्रश्न घरात अजून मिटलेला नाही. रेडिंग विद्यापीठात टायपोग्राफी आणि ग्राफिक कम्युनिकेशनचा स्वतंत्र विभाग आहे आणि देवनागरीसारख्या लिप्यांच्या अक्षररचनेचा तिथे अभ्यास होतो. तिला तिकडे जायचं आहे. वडिलांना अर्थशास्त्र सुरक्षित वाटतं. परक्या देशात शून्यातून उभं राहिलेल्या माणसाला मुलांच्या बाबतीत खात्री हवीशी वाटते, त्यात त्यांची चूक नाही. यूकासच्या अर्जात पाच पर्याय भरता येतात आणि जानेवारीपर्यंत मुदत आहे. दोन्हीकडचे भरायचे असं सध्या ठरलं आहे. निर्णय काहीही होवो, एक गोष्ट मी शिक्षिका म्हणून सांगू शकते. रविवारच्या वर्गात जे वाचन सुटलं होतं, ते कुणीही न सांगता परत सुरू झालं, कारण या वेळी वाचल्यावर तिला काहीतरी कळणार होतं. मुलं स्वतःच्या नादाने जे करतात त्याला आपण 'टाइमपास' म्हणतो. त्या नादातच ही मुलगी आजीपर्यंत पोचली.

तुमच्या घरातही

या दिवाळीत भांडी काढाल, तेव्हा तुमच्या मुलांनाही हे करता येईल. महागडा कॅमेरा लागत नाही, फोन पुरतो. फ्लॅश बंद ठेवा, भांडं खिडकीजवळ असं धरा की उजेड एका बाजूने येईल, आणि खिडकीवर बटर पेपर लावा. पातळ कागद आणि मऊ पेन्सिलने ठसा घ्या. ठशाखाली लगेच लिहून ठेवा: कोणाचं, कोणी दिलं, कधी, कोणत्या गावी नाव घातलं. आणि भांडं ज्यांचं आहे त्यांना विचारा. अर्धी गोष्ट भांड्यावर असते, अर्धी त्यांच्याकडे.

भाचीने अक्षरसंचासाठी एक नियम केला आहे. भांड्यावर सापडलेलं अक्षरच घ्यायचं. जे सापडलं नाही ते मनाने काढायचं नाही, जागा रिकामी ठेवायची. क, म, र, स यांचे ढीग झाले आहेत. 'सौ.' तर इतके आहेत की एक पानभर निव्वळ तेच लावले आहेत. 'ळ' सापडला, 'क्ष' आणि 'ज्ञ' सापडले. 'झ' आणि 'ढ' अजून मिळाले नाहीत. आपल्या मंडळात झेंडे आहेत, ढवळे असतील, कुणाच्या माहेरी झांबरे असतील. फडताळात मागे हात घालून बघा. असलं तर कळवा, पण घासू नका.